तिसरा महिना सरेपर्यंत

निरगुडसरच्या बायकांना आता देव पुरे झाले होते. निवडणूक जवळ आली की कुणीतरी इच्छुक उभा राहतो, गाड्या भरून बायकांना कोल्हापूर, ज्योतिबा, नरसोबाची वाडी करून आणतो, हे वर्षानुवर्षं चाललेलं. मत कुणाला पडलं ते त्या देवालाच ठाऊक, दर्शन मात्र फुकटात व्हायचं. या खेपेचा इच्छुक दादाभाऊ. त्याने बचत गटाच्या बैठकीला येऊन हात जोडले आणि विचारलं, "बोला ताई, कुठला देव?"

हर्षाली तयारच होती. "देव नको भाऊ. त्या घाटाखालच्या पार्कात न्या आमाला. पाळणं, पाण्यातल्या घसरगुंड्या, ती पाय लोंबकळत ठेवून पळणारी गाडी. आमी काय जलमभर टाळ्याच वाजवायच्या का?"

दादाभाऊने डोकं खाजवलं आणि हो म्हणाला. बायकांना नाही म्हणून कोण निवडून आलंय?

सगळ्या खिदळल्या. प्रतिभाही हसली, पण वरवर. ती गटाची सचिव. नावं तीच गोळा करणार, म्हणजे तिचं स्वतःचं नाव सगळ्यांच्या आधी. आणि प्रतिभाला दोन महिने उलटून गेले होते. मंचरची डॉक्टरीण सोडली तर ही गोष्ट तिघांनाच माहीत होती: ती, तिचा नवरा सयाजी आणि सासू सरूबाई.

तिसरा महिना सरेपर्यंत पोटातलं बाहेर सांगायचं नाही, हा रिवाज काही सरूबाईने काढलेला नव्हता. सगळा मुलूख तो पाळतो, शिकलेलेही पाळतात आणि वर आम्ही असलं काही मानत नाही म्हणतात. पण सरूबाईच्या घरात त्या रिवाजाला धार आली होती. पहिल्या खेपेला सयाजीला दम निघाला नाही. पारगावच्या कारखान्यावर तो कामाला, तिथं त्याने दोस्तांना पेढे वाटले आणि महिन्याच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला कुणी तोंड उघडलं नाही, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रतिभा गेली नाही. लगेच शेजारच्या सोनीबाईने ओट्यावरून आवाज दिला, "काय गं सरू, सुनेला कोरड्या ओकाऱ्या का काय?" तेही टिकलं नाही. डॉक्टरीण काहीबाही कारणं सांगत होती, सरूबाईला मात्र कारण सापडलं होतं. कारण भिंतीपलीकडे राहत होतं.

खरं सांगायचं तर सोनीबाई मनाने वाईट नव्हती. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. कुठं बाळंतीण असली की शेक-शेगडी, तेल, धुरी, सगळं तिच्या हातचं. रस्त्याने चाललेल्या बाईची चाल बघून कितवा महिना ते सांगायची. आता असली नजर ज्या बाईला, तिच्यापासून पोट लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध लपवण्यातला प्रकार.

म्हणून या खेपेला सरूबाईने कडेकोट बंदोबस्त केला. धामणीच्या खंडोबाचा भंडारा लेकाच्या आणि सुनेच्या तळहातावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. तिसरा सरल्याशिवाय कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. प्रतिभाने विचारलं, "शिनोलीला आईला तरी?" सरूबाई म्हणाली, "आईला बी न्हाई. आईच्या तोंडाला काय कुलूप हाय का?" त्यानंतर आईचा फोन आला की प्रतिभा पावट्याच्या शेंगांवर बोलायची, थंडीवर बोलायची आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडायची.

ट्रिपचं कळल्यावर सयाजी म्हणाला, "जाऊ नको तू. ताप आला म्हनून सांग."

"येडा का खुळा तू?" सरूबाई त्याच्यावर खेकसली. "मागं हळदीकुंकवाला गेली न्हाई तर काय झालं? सगळ्या बाया चालल्या आन सचिवच घरी, मग ती सोनी दारात ठिय्या देऊन बसंल. ऐक प्रतिभा. तू जा. गाडीत पुढच्या शिटावर बस, हिंड, खा, पी, हस. कशावर बसू मात्र नको. कुनी म्हनलं तर डोकं दुखतंय म्हनायचं, सर्दी हाय म्हनायचं. आलं का ध्यानात?"

आलं ध्यानात. सासूची युक्ती तशी बिनतोड होती. लपवायचं असेल तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहावं, हे प्रतिभालाही पटलं. सहा वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला दुसऱ्याची खात्रीही आपलीच वाटायला लागते.

ट्रिपच्या दिवशी पहाटे देवळापुढे बायका जमल्या तेव्हा ओळख पटेना. पार्कात साडी चालत नाही असं हर्षालीने बजावलेलं, त्यामुळे जिने तिने मिळेल त्याचा ड्रेस घातलेला. नऊवारीत जन्म काढलेली सोनीबाई नातीची ट्रॅकपँट घालून आली होती आणि वरून टॉवेल गुंडाळून उभी होती. "हसा, हसा," ती म्हणाली, "तुमच्या सासवा हितं असत्या तर चक्कर येऊन पडल्या असत्या." मंचर, खेड, चाकण मागे पडलं, गाणी झाली, भेंड्या झाल्या, घाट उतरेपर्यंत चिवड्याचा डबा संपला. प्रतिभा पुढच्या सीटवर बसून प्रत्येक खड्ड्याला सीटचा दांडा धरत होती आणि मागे वळून हसत होती.

दुपारपर्यंत तिने छान निभावलं. आकाशपाळण्याला डोकं दुखलं, झुलत्या होडीलाही डोकंच दुखलं, पाण्यात जायला सर्दी आडवी आली. सगळ्यांच्या पर्सा, मोबाईल, चपला सांभाळत ती बाकावर बसून राहिली. आपण हुशार आहोत असं तिला वाटायला लागलं होतं. बायका ओल्याचिंब होऊन, ओरडून ओरडून घसा बसवून परत यायच्या आणि तिला ते बघून बरं वाटायचं. पुढच्या वर्षी आपणही येऊ, असं तिच्या मनात आलं. मग लगेच आलं, छे, पुढच्या वर्षी कशाला, तेव्हा तर कडेवर असेल. या एका विचाराने तिचा सगळा दिवस गोड झाला होता.

शेवटी ती गाडी राहिली. पार्कातली सगळ्यांत मोठी. आकाशात वळवळत गेलेले निळे रूळ, आणि त्यावरून धावणाऱ्या गाडीला खाली तळच नाही. नुसत्या खुर्च्या, खांद्यावरून येणारं लोखंडी जू आणि खाली मोकळे लोंबणारे पाय. वरून माणसं उलटी होऊन गेली की खालच्या बायकांच्या तोंडातून "आगं आई" निघत होतं.

"आता हितं कुनी मागं राहायचं न्हाई," हर्षालीने जाहीर केलं. ही प्रतिभाची चुलत जाऊ, वयाने लहान, दोन पोरांची आई, तोंडाने फाटकी. "सगळ्या गटाचा एकत्र फोटू निघला पायजे. प्रतिभाताई, उठा. सकाळपास्नं नुसत्या पिशव्या राखताय."

"डोकं दुखतंय गं माझं."

"डोकं दुखतंय का आनखी काय?" हर्षाली डोळा मारून म्हणाली. "का गोड बातमी हाय?"

सगळ्या वळल्या. एवढा वेळ कुणाचं लक्ष नव्हतं, ते एकदम सगळ्यांचं तिच्या पोटावर आलं. प्रतिभाचे कान तापले. तिच्या तळहाताला भंडारा आठवला.

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "चला, येते मी."

म्हणून टाकलं आणि तिला वाटलं, रांग मोठी आहे, रांगेतून कुठेतरी सटकू. सामान लॉकरात गेलं, ती रांगेत गेली. रांग पुढे सरकत होती. एका वळणावर फळा होता. त्यावर हृदयाचं चित्र, पाठीच्या कण्याचं चित्र आणि पोट पुढे आलेल्या बाईचं चित्र, तिन्हींवर लाल फुल्या. प्रतिभाने फळ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मान फिरवली तर समोर सोनीबाई.

सोनीबाईने तिला कोपराला धरून कठड्याकडे घेतलं. बाकीच्या पुढे बडबडत होत्या. सोनीबाई हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग पोरी. हाय का काय? मी सकाळपास्नं बघतीय तुला. असंल तर मला काय बोलू बी नको, नुसती मान हालीव. मपल्या गुडघ्याचं निमित्त काढते आन तुला घिऊन खाली जाते. कुनाला कळनार न्हाई."

प्रतिभाला ते एवढं हवं होतं की तिचे डोळे भरून आले. मान खाली झुकलीच होती. पण ती सोनीबाई होती. जिच्यापासून लपवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तीच. मागचं पोर हिच्याच एका वाक्याने गेलं असं ती दोन वर्षं ऐकत आली होती, आणि ऐकून ऐकून तेच तिचंही मत झालं होतं. मान हलवली तर शपथ मोडली, आणि मोडली तीही हिच्यापाशी. गाडीत बसलं तर निदान शपथ तरी शाबूत राहील, असं त्या घटकेला तिला वाटलं. माणूस भ्यालेला असला की त्याला काय काय पटतं!

"नाही ओ मावशी," ती हसून म्हणाली. "परवाच पाळी येऊन गेली."

सोनीबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग तिचं कोपर सोडलं. "मग काय न्हाई. चल, मपल्याजवळ बस. भिऊ नको."

वर फलाटावर एक पोरगी माईक घेऊन उभी होती. चपला फळीवर ठेवायला सांगत होती, केस बांधायला सांगत होती. "हार्टचा त्रास, पाठीचं ऑपरेशन, कुणी प्रेग्नंट आहे का?" तिने पाठ केलेलं म्हणून टाकलं. प्रतिभाच्या पुढे हर्षाली होती. ती हसून मोठ्याने म्हणाली, "न्हाई ओ म्याडम, आमच्यात ज्यांची व्हायची ती झाल्यात, आन ज्यांची न्हाई त्यांची न्हाई!"

दोघी-तिघी हसल्या, आणि हसून झाल्यावर त्यांच्या नजरा प्रतिभाकडे गेल्या. हर्षालीनेही जीभ चावली. पण बोलून गेलेलं परत येत नाही. प्रतिभाने चपला काढल्या, फळीवर नीट जोडीने ठेवल्या आणि खुर्चीत जाऊन बसली. तिला त्या क्षणी फक्त एवढंच वाटत होतं की आपल्याकडे कुणी बघू नये.

जू खांद्यावरून खाली आलं, छातीवर घट्ट बसलं. तिथल्या एका पोराने येऊन ते ओढून बघितलं. मग पायांखालची जमीन सरकली. खरोखरच सरकली. फलाटाची फळी बाजूला गेली आणि पाय अधांतरी राहिले. सोनीबाईने "मळगंगे, सांभाळ गं बाई" म्हणून हात जोडायचा प्रयत्न केला, पण जुवामुळे हात जुळेनात.

गाडी साखळीवर कटकट करत चढायला लागली. प्रतिभाने जुवाखालून कसाबसा एक हात घालून ओटीपोटावर ठेवला. "घट्ट धर," ती मनात म्हणाली. "घट्ट धरून बस. एवढं एक झालं की परत कद्धी न्हाई. तुझ्या आजीला सांगायचं न्हाई हां." पोटातल्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती. आत्तापर्यंत मनातल्या मनातसुद्धा बोलायचा धीर झाला नव्हता.

गाडी माथ्यावर पोचली आणि क्षणभर थांबल्यासारखी झाली. समोर डोंगराच्या रांगा होत्या, खाली झाडं, त्याही खाली माणसं. अनवाणी तळव्यांना गार वारा लागत होता. आणि मग गाडी सुटली. बायकांनी एकच किंकाळी फोडली. आकाश खाली गेलं, जमीन वर आली, पाय कुठे गेले ते कळेना, आणि त्या सगळ्या गोंधळात कधीतरी, एखाद्या वळणापुरतं, प्रतिभाला मजा वाटली. सासू, शपथ, महिने, सगळं डोक्यातून उडून गेलं आणि ती हलकी झाली. हात कधी सुटला तेही तिला कळलं नाही. गाडी फलाटाला लागली, पायांखाली जमीन परत आली, तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं. नंतर तिला स्वतःची सगळ्यांत जास्त चीड आली ती या हसण्याची.

पण तेव्हा काहीच झालं नाही. दुखलं नाही, खुपलं नाही. परतीच्या गाडीत ती दर थोड्या वेळाने स्वतःला चाचपून बघत होती आणि ठीक होतं. घरी आल्यावर सयाजीने आधी दार लावलं आणि विचारलं, "बसली न्हाईस ना कशात?"

"नाही. पिशव्या राखल्या दिवसभर."

"शानी माझी," तो म्हणाला आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेलं दूध गरम करायला गेला.

त्यानंतर दोनच दिवस गेले. तिसऱ्या सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना कंबरेत कळ आली आणि तिला ती कळ ओळखीची वाटली. मंचरला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टरणीने सोनोग्राफीच्या पडद्यावर पुन्हा एकदा बघितलं. मग तिने विचारलं, "पडलात का कुठे? काही धक्का, मोठा प्रवास?"

"काडी हिकडची तिकडं करू दिली न्हाई बाई मी हिला," सरूबाई मध्येच म्हणाली. "फुलासारखं जपलं."

प्रतिभा छताकडे बघत पडून राहिली. डॉक्टरीण म्हणाली की असं पुष्कळदा आपसूक होतं, कारण सापडत नाही, कुणाचा दोष नसतो. हे ती मागेही म्हणाली होती. मागे त्याचा थोडा आधार वाटला होता. या खेपेला त्या गाडीमुळे झालं का, हे प्रतिभाला विचारायचं होतं, पण सासू उशाशी होती आणि विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तरी डॉक्टरणीला काय नेमकं सांगता येणार होतं? ते आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि न कळता आयुष्य काढायचं होतं.

सयाजी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "तुझी काय चूक न्हाई गं. तू काय केलंस? नुसती हिंडून आलीस." तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. तो बापडा तिला रडू येतंय असं समजून पांघरूण नीट करून निघून गेला.

घरात ठरलं की पार्कातलं अन्न बाधलं म्हणायचं. जे आहे म्हणून सांगितलं नाही, ते गेलं म्हणून तरी कुणाला सांगणार? पहिल्या खेपेला निदान गाव येऊन बसलं होतं, आई शिनोलीहून येऊन राहिली होती. या खेपेला आईने फोनवर विचारलं, "आवाज का गं असा?" प्रतिभा म्हणाली, "जुलाब झालेत."

दोन दिवसांनी बायका बघायला आल्या. हर्षालीने डाळिंबं आणली होती. सोनीबाई खाटेवर पायाशी बसली. सरूबाई चुलीपुढे चहा टाकत होती, पाठमोरी.

"त्या भेळीनंच केलं असंल," एक म्हणाली. "कसली भेळ?" हर्षाली म्हणाली. "ती पाय लोंबती गाडी बाधली हिला. आमी बोंबलून मेलो, आन ही आपली गप. उतरली तर हसत व्हती! लई धीट हाय हां आत्या तुमची सून."

चुलीपुढचा चमचा थांबला.

सोनीबाईला तेवढं कळलं नाही. ती प्रतिभाचा पाय चेपत, तिच्याच कौतुकाने बोलत राहिली. "मपल्याच बाजूला व्हती की. मला आपली शंका आली व्हती गं सरू, खोटं कशाला बोलू. रांगेत मी हिला बाजूला घिऊन इचारलं बी. म्हनलं, असंल काय तर मी थांबते तुझ्यासंगट. तर म्हनली, न्हाई ओ मावशी. मग म्हनलं, बस."

चहा उतू गेला. सरूबाईने फडक्याने भांडं उतरवलं, कपात गाळला, ताट घेऊन आली आणि एकेकीपुढे धरलं. एकाही कपातला चहा सांडला नाही. सोनीबाईपुढे ताट धरताना ती म्हणाली, "घे." एवढंच. बायकांनी चहा प्याला, दादाभाऊचं तिकीट पक्कं का कच्चं यावर वाद घातला आणि उन्हं उतरायच्या आत उठल्या. जाताना सोनीबाईने प्रतिभाच्या पोटऱ्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवला, मग तो हात तसाच थांबला. तिने प्रतिभाच्या तोंडाकडे बघितलं, सरूबाईकडे बघितलं. मग प्रतिभाच्या पायांवर पांघरूण ओढलं. पदर डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

सरूबाईने दार लोटलं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. प्रतिभा वाट बघत होती. शिव्या येतील, सासू छाती पिटेल, माहेरी धाड म्हणेल. यातलं काहीही झालं असतं तरी तिला चाललं असतं.

"गाडीला न्हाई म्हनायचं व्हतंस," सरूबाई शेवटी म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

"काय सांगून, आत्या?"

सरूबाई दारापासून पुढे आली. तिला डोकेदुखी आठवली असेल, सर्दी आठवली असेल. ती सगळी तिनेच शिकवलेली कारणं होती आणि ती दुपारपर्यंत पुरली होती. तिच्यापाशी आणखी कारण नव्हतं. एक होतं ते खरं होतं, आणि त्याच्यावर तिनेच भंडारा ठेवला होता.

ती खाली वाकली आणि कप गोळा करायला लागली. एकात एक घालत, आवाज न करता. मोरीपाशी गेल्यावर तिने तिकडूनच, मागे न बघता सांगितलं, "सयाजीला कळू देऊ नको. त्यो लई आशेवर व्हता."

"नाही सांगत," प्रतिभा म्हणाली.